परसातली हिरवळ पुन्हा पुन्हा कुजते? नवी लावण्याआधी पाण्याची वाट शोधा

मागच्या भिंतीजवळच्या कोपऱ्यात मी तीनदा हिरवळ लावली. पहिल्यांदा वाटलं, लॉनचे रोलच कमकुवत आले असतील. दुसऱ्यांदा खत वाढवलं. तिसऱ्यांदा वरून चार बोटं चांगली माती पसरली आणि मगच रोल अंथरले. तिन्ही वेळा सहा-आठ महिन्यांत तेच झालं. आधी पातं पिवळं पडलं, मग खालून काळपट झालं आणि शेवटी मातीवर शेवाळाचा हिरवा थर धरला. बाकीचा परस दिमाखात हिरवा होता, हा कोपरा तेवढा दर वेळी मरत होता.

गवत बदललं, खत बदललं, वरची माती बदलली, तरी कोपरा तोच राहिला. म्हणजे दोष गवतात नव्हता. लहान परसाची रचना आपण बहुतेक वेळा वरून करतो. इथे हिरवळ, तिथे बाक, भिंतीलगत फुलझाडं. पाणी मात्र त्या आराखड्याकडे बघत नाही, ते उताराकडे बघतं. मोठ्या बागेत एखादा पाणथळ कोपरा खपून जातो. सहा बाय आठ मीटरच्या परसात तोच कोपरा म्हणजे बागेचा सहावा-आठवा हिस्सा असतो आणि घरातून बाहेर पाहिलं की पहिली नजर तिथेच जाते.

तुमच्याकडेही असंच होत असेल तर नव्या रोपांवर खर्च करण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे. मी उलट्या क्रमाने गेले आणि त्यात तीन वर्षं गेली.

हा पाण्याचाच त्रास आहे ना?

पिवळं पडलेलं प्रत्येक गवत पाण्याने मरत नाही. खुरप्याने मूठभर तुकडा मुळांसकट उचला आणि मुळं पाहा. मुळं तपकिरी, बुळबुळीत असतील आणि मातीला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर माती चिबडली आहे, म्हणजे पाण्याने गच्च भरून राहिली आहे. मुळं पांढरी आणि धड आहेत पण पाती लांबुडकी, विरळ आहेत, तर तिथे ऊन कमी पडतं. हिरवळ सतरंजीसारखी सहज उचलली गेली आणि खाली पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी आहे. तिचा उपाय वेगळा. मधे वाळलेला गोल आणि भोवती गडद हिरवी कड दिसली तर बहुधा कुत्र्याच्या लघवीचा डाग असतो.

माझ्या हातात आली ती तपकिरी, वास मारणारी मुळं.

असं का होतं हे एकदा समजून घेतलं की पुढचे सगळे उपाय आपोआप पटतात. चांगल्या मातीचा साधारण निम्मा भागच घन असतो. उरलेला निम्मा म्हणजे कणांमधल्या पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असावी लागते. मुळांनाही प्राणवायू लागतो. पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की तो मिळत नाही, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. शेतकरी ज्याला ‘वाफसा’ म्हणतात तो नेमका हाच समतोल. माती ओलसर आहे, मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटाने टोचलं तर फुटतो. माझ्या कोपऱ्यात पाऊस थांबून आठवडा झाला तरी वाफसा येत नव्हता.

पाऊस पडत असताना बाहेर जा

सगळ्यांत उपयोगी तपासणीला एक छत्री आणि चार खुंट्या पुरतात. चांगला जोराचा पाऊस चालू असताना अर्धा तास परसात उभं राहा. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे थांबतं ते पाहा आणि जागच्या जागी खुंटी ठोका. पाऊस थांबल्यावर जे दिसतं ते फक्त डबकं असतं. ते डबकं कुणी भरलं हे पाऊस चालू असतानाच कळतं.

मला तीन गोष्टी दिसल्या. मागच्या छपराच्या पन्हळीचं सगळं पाणी एकाच उभ्या नळीतून घराच्या कोपऱ्यात पडत होतं. तिथून ते पायवाटेच्या कडेने धावत मागे जात होतं. आणि भिंतीलगतच्या वाफ्याला मी हौसेने लावलेली विटांची उभी कड त्या पाण्याला बंधाऱ्यासारखी अडवत होती. ती कड मी स्वतः लावली होती. दिसायला छान होती, म्हणून तिच्यावर संशयच आला नव्हता.

मग हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझं परस ४८ चौरस मीटर. २० मिलिमीटर पाऊस झाला की परसावर ९६० लिटर पडतं. मागचं छप्पर ४० चौरस मीटर, म्हणजे आणखी ८०० लिटर, आणि तेही एका नळीतून एकाच जागी. परस जणू स्वतःच्या वाट्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस झेलत होतं. तुमच्या छपराचा आणि परसाचा असा हिशेब जरूर करा. त्यात वर्गमीटरचा गुणाकार सोडून काही नाही, पण आकडा पाहिल्यावर गवताला दोष देणं थांबतं.

उतार डोळ्यांनी मोजू नका

डोळ्याला सपाट वाटणारी जमीन क्वचितच सपाट असते. गवंडी लेव्हल घेताना पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्या. दोन काठ्यांना नळीची दोन टोकं बांधली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला उभं राहतं. त्या पातळीपासून खाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं की उतार कळतो. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकतं. लहान जागेत लांब पट्टी आणि पाणसळ वापरूनही चालतं.

उतार घरापासून दूर जाणारा हवा. मोकळ्या जमिनीवर मीटरला दोन सेंटिमीटर पुरतो. घराच्या भिंतीपासून पहिल्या तीन मीटरांत मात्र एकूण १५ सेंटिमीटर मिळाला तर पाया कोरडा राहतो. माझ्याकडे उतार मागे जाणाराच होता, पण शेवटच्या दोन मीटरांत जमीन पुन्हा चार सेंटिमीटर वर चढत होती. जुन्या वाफ्याची माती वर्षानुवर्षं तिथे पसरत गेली होती. म्हणजे माझा कोपरा ही एक उथळ परात होती, आणि तिसऱ्यांदा टाकलेली चार बोटं माती त्या परातीच्या तळातच बसली.

तुमचा उतार घराकडे येत असेल तर बागेचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तेच काम करा. तिथे हिरवळीपेक्षा घराची भिंत महत्त्वाची आहे.

खड्डा आणि बरणी: या दोन्ही चाचण्या एकत्र करा

त्रासाच्या जागी ३० सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा, आत एक पट्टी उभी करा आणि दर तासाला पातळी लिहा. पहिलं भरणं मोजायचं नाही, कारण कोरडी माती सुरुवातीला खूप पाणी पिते आणि आकडा फसवतो. पातळी ताशी अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर निचरा ठीक आहे. माझ्या कोपऱ्यात ती ताशी अर्धा सेंटिमीटर उतरली.

त्याच खड्ड्यातली माती घेऊन सरळ काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरा. वर पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि पाच मिनिटं जोरात हलवा. बरणी ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, दोनेक तासांत, आणि चिकणमाती खाली यायला एक-दोन दिवस लागतात. थरांची जाडी मोजली की मातीचा स्वभाव कळतो.

दोन्ही चाचण्या एकत्र वाचण्यात खरी मेख आहे. बरणीत चिकणमातीचा थर जाड आणि खड्डाही मंद, तर मातीच जड आहे. तिला सेंद्रिय खत आणि वेळ लागणार. पण बरणीत वाळू, पोयटा, चिकणमाती बेताची आणि तरी खड्डा मंद, तर माती दाबली गेलेली आहे. माझं हेच निघालं. पहार मारली तर वीस सेंटिमीटरवर ठण्ण आवाज आला. घर बांधताना तिथे खडी आणि वाळूचे ढीग होते, गाड्या उभ्या राहिल्या होत्या, उरलेला सिमेंटचा माल तिथेच पसरला होता. त्यावर वीतभर भराव टाकून बाग झाली होती. मुळं त्या थराला टेकून आडवी वाढत होती आणि पाणी त्यावर तव्यासारखं थांबत होतं. नव्या घराच्या परसात हा थर सर्रास सापडतो, म्हणून पहार मारल्याशिवाय मी आता कुणाच्याही बागेबद्दल मत देत नाही.

खड्ड्यात बाहेरून पाणी न घालता ते आपोआप वर येत असेल तर तिथे भूजलच उथळ आहे. अशा जागी शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, चालत नाही. लागवड वर उचलावी लागते. आणि पाऊस नसतानाही जागा ओली राहत असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर पाहा. आकडा सरकत असेल तर जमिनीखाली नळी गळते आहे.

हे करू नका

चिकणमातीत वाळू मिसळायचा सल्ला सगळीकडे मिळतो. कृपया तो ऐकू नका. थोडी वाळू टाकली की बारीक कण वाळूच्या मधल्या फटी भरून टाकतात आणि वाळल्यावर माती विटेसारखी कडक होते. फरक पडावा इतकी वाळू म्हणजे एकूण मातीच्या निम्म्याहून जास्त. तेवढी वाहून आणणं लहान परसातही शहाणपणाचं नाही.

झाडाच्या खड्ड्याच्या तळाशी खडीचा थर देण्याने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते सीमेवरच अडकून राहतं, त्यामुळे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. जिप्सम ही मातीत मिसळायची खनिज भुकटी फक्त सोडियम जास्त असलेल्या जमिनीत काम करते. साध्या दाबलेल्या मातीवर तिचा उपयोग नाही.

आणि घराच्या भिंतीला टेकवून माती चढवू नका. जोत्यातल्या ओल अडवणाऱ्या थराच्या निदान १५ सेंटिमीटर खाली जमीन आणि फरशी राहिली पाहिजे. बाहेर वाफा उंच केला आणि आतल्या भिंतीला ओल आली, हे मी एका नातेवाइकांच्या घरी पाहिलं आहे. तो वाफा नंतर काढावाच लागला.

दुरुस्ती: आधी वरचं पाणी, मग जमीन

छपरापासून सुरुवात करा, कारण तिथे कमी खणून जास्त फायदा होतो. उभ्या नळीला खाली आडवी नळी जोडून पाणी घरापासून लांब न्या. पिंप ठेवणार असाल तर जरूर ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. माझ्या ४० चौरस मीटरच्या छपराखाली २०० लिटरचं पिंप अवघ्या पाच मिलिमीटर पावसात भरतं. म्हणून पिंपाची ओसंडण्याची नळी कुठे जाते हे पिंपापेक्षा महत्त्वाचं. वर बारीक जाळी लावा, नाहीतर डास होतील.

दुसरं काम एका संध्याकाळचं होतं. विटांच्या कडेत दर मीटरला एक वीट काढून फट केली. पाणी अडणं त्याच दिवशी कमी झालं.

दाबलेला थर फोडणं हे मात्र कष्टाचं. माती ओली असताना अजिबात खणू नका. फावड्याच्या दाबाने ती आणखी लिंपली जाते. वाफसा आल्यावरच पहार आणि कुदळ घेऊन ३० सेंटिमीटरपर्यंत फोडा, सिमेंटचे तुकडे वेचून घमेल्याने बाहेर काढा. मग कुजलेल्या खताचा पाच ते सात सेंटिमीटरचा थर पसरून वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये मिसळा. मोठं झाड जवळ असेल तर त्याच्या मुळांमध्ये पहार चालवू नका. तिथे वर खताचा आणि पाल्याचा थर द्या आणि गांडुळांना वेळ द्या. आच्छादन खोडाला टेकू देऊ नका. मी हे काम चार आठवडे, सुटीच्या दिवशी थोडं थोडं केलं. ढेकूळ फोडताना खालची माती राखाडी दिसत होती आणि तोच वास येत होता. काही महिन्यांनी तिथेच तपकिरी माती आणि गांडुळं सापडली, तेव्हा झालेला आनंद कुठल्याही फुलाने दिला नव्हता.

खडी भरलेला चर आणि त्यात भोकांची नळी, हा उपाय लोक सगळ्यांत आधी करायला बघतात. मी तो शेवटी ठेवते. तो करायचाच असेल तर चर ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ ते ६० खोल घ्या. नळीला मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार, नळीची भोकं खालच्या बाजूला, भोवती २० ते ४० मिलिमीटरची धुतलेली खडी आणि सगळ्याला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण गाळ अडवणारं कापड. कापड नसेल तर दोन-तीन वर्षांत गाळ खडीत शिरतो. पण पहिला प्रश्न हा, की त्या नळीचं तोंड कुठे उघडणार? पाणी बाहेर पडायला खालची जागा नसेल तर तो चर म्हणजे लांबट खड्डाच. शेजाऱ्यांच्या अंगणात ते सोडता येत नाही, सांडपाण्याच्या वाहिनीतही नाही. शोषखड्डा घरापासून निदान पाच मीटर लांब हवा आणि लहान परसात तेवढी जागाच बहुधा नसते.

मी कोपऱ्याचं काय केलं

तिथे हिरवळ लावायचा हट्ट सोडला. जिथे पाणी जातंच, तिथे त्याला तासभर थांबायची जागा करून दिली, म्हणजे पावसाचं पाणी झेलणारा एक उथळ वाफा. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, मधे १५ सेंटिमीटर खोल आणि तळ सपाट. कुंपणाच्या भिंतीच्या पायात पाणी मुरू नये म्हणून मधे एक मीटर जागा सोडली. घरापासून तो पाच मीटरवर आहे. अशा वाफ्यासाठी तीन मीटर तरी अंतर ठेवावंच. छपराची नळी जमिनीखालून तिथे आणली आणि तोंडापाशी गोटे रचले, म्हणजे धारेने माती उकरली जात नाही. सगळ्यांत खालच्या काठाला एक खाच ठेवली आहे. फार मोठा पाऊस झाला तर जास्तीचं पाणी तिथून बाहेरच्या पावसाळी गटारात जातं. ती जोडणी करण्याआधी परवानगी विचारून घेतली, तुम्हीही घ्या.

त्या आकारात सुमारे ९०० लिटर मावतं, काठ उतरते असल्याने प्रत्यक्षात थोडं कमी. छपराच्या ८०० लिटरांशी ते जवळपास जुळतं. माती फोडल्यावर खड्ड्याची चाचणी पुन्हा केली तेव्हा पातळी ताशी दीड सेंटिमीटर उतरली, म्हणजे भरलेला वाफा दहा तासांत रिकामा. हा आकडा काढल्याशिवाय असा वाफा करू नका. पाणी एक ते दोन दिवसांत जिरलंच पाहिजे. डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवड्याच्या आसपास वेळ लागतो, त्याच्या खूप आधी जागा कोरडी व्हायला हवी.

तळाला कर्दळ आणि वेखंड लावलं. कर्दळीला ओल चालते आणि मधला कोरडा काळही ती सोसते. वेखंडाला कोरड्या दिवसांत मात्र पाणी द्यावं लागतं. काठावर नेचे आणि लहान गवतं. ज्या झाडांची मुळं ओलीत कुजतात, लव्हेंडरसारखी, ती इथे नकोत. त्यांच्यासाठी ३० सेंटिमीटर उंच गादीवाफा वेगळा केला. भिंतीलगतचा वाफा ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद करू नका. हात पोहोचत नाही, मग आपण आत पाय ठेवतो आणि माती पुन्हा दाबली जाते.

बाकीची रचना यानंतर अक्षरशः आपोआप ठरली. पायवाट सर्वांत उंच रेषेवर, तिरकी. तिरक्या वाटेमुळे परस लांब वाटतं, हा वरचा फायदा. फरशीच्या जागी सुटे दगड, मधोमध ते मधोमध ६० सेंटिमीटर, म्हणजे पावलं सहज पडतात आणि मधल्या जागेत पाणी मुरतं. बाक कोरड्या बाजूला. हिरवळ एकच, सलग आणि सोप्या आकाराची, आणि तीही फक्त सहा तास ऊन मिळतं तिथे. हरळीसारख्या गवताला त्याहून कमी उन्हात तग धरणं कठीण जातं. सावलीच्या पट्ट्यात गवताऐवजी नेचे आणि लिरिओपी हे गवतासारख्या पात्यांचं झाड.

सगळं खोदकाम झाल्यावर हिरवळ लगेच अंथरू नका. दोन-तीन मोठे पाऊस जाऊ द्या. फोडलेली माती बसते, कुठेतरी नवा खळगा तयार होतो, तो भरून मगच रोल लावा. मला हे थांबणं सगळ्यांत जड गेलं. पण पहिल्याच पावसानंतर पायवाटेजवळ तळहाताएवढं डबकं दिसलं, आणि तिथे गवत आधीच असतं तर ते मी उपटलं नसतं.

पुन्हा तसंच होऊ लागलं तर

आधी पन्हळ पाहा. पाल्याने तुंबली की पाणी पागोळ्यांतून भलतीकडेच पडायला लागतं. मग विटांच्या फटी, त्यात माती साचते. त्यानंतर ओल्या हिरवळीवरून कुणी ये-जा करतंय का, किंवा ओली असतानाच यंत्राने कापली जाते का, ते बघा. वरचे पाच-सात सेंटिमीटर एवढ्यानेच दाबले जातात. काट्याने किंवा पोकळ दातांच्या हत्याराने भोकं पाडून त्यात खत घातलं की ते मोकळे होतात.

वाफ्यात मी एक काठी रोवून ठेवली आहे, तळापासून दर पाच सेंटिमीटरला खूण केलेली. मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तिच्याकडे पाहते. पहिल्या खुणेच्या वर पाणी दिसलं तर गोट्यांखालचा गाळ काढायची वेळ झाली.